तिसरा पाट

प्रबोध सबनीस हा असा माणूस, की त्याची दोनदा ओळख करून दिली तरी तिसऱ्यांदा करून द्यावी लागायची. उंची बेताची, केस बेताचे, बोलणं त्याहून बेताचं. चिंचवडचा मुलगा, सिंगापूरला एका बँकेच्या आयटीत मॅनेजर, पासिर रिसला चौथ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आणि त्यात हा एकटा. लग्न का नाही केलं, असं त्याला विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो खरोखरच कारण आठवायला लागायचा. आधी आईचं आजारपण, मग परदेशातली नोकरी, मग वय निघून गेलं. भांडण नाही, प्रेमभंग नाही, काही नाही. राहून गेलं, एवढंच.

तर हा माणूस एका बाईसाठी दोन वर्षं झुरला, आणि ती बाई दुसऱ्याची बायको होती. लगेच भुवया उंचावू नका. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय नावं ठेवायची ती खुशाल ठेवा.

सुलभा पारकर त्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहायची. नवरा नंदू मालवणचा, जहाजावर सेकंड इंजिनिअर. सहा महिने पाण्यावर, तीन महिने घरी, असा त्यांचा बारा वर्षांचा संसार होता आणि सुलभाला त्याची सवय होती. २०१०च्या दिवाळीनंतर पंधरवड्याने नंदूचं जहाज आफ्रिकेच्या बाजूला चाच्यांनी पकडलं. किनाऱ्याजवळ नेऊन उभं करून ठेवलं आणि मालकाकडे खंडणी मागितली. मालक कंपनी आधी दर आठवड्याला सुलभाला फोन करायची, मग महिन्याला. मग सुलभानेच करायचा, आणि एक दिवस तो नंबरच बंद झाला. कंपनी बुडाली म्हणे. माणसं मात्र तिकडे तशीच राहिली. २०११च्या मे महिन्यात कुठूनशी बातमी आली, की जहाजावरचे दोघं तापाने गेले. कोणते दोघं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

लोकांना नावं लागत नाहीत. लोकांनी आपापल्या मनात नंदूला त्या दोघांत धरून टाकलं. सुलभाने मात्र मंगळसूत्र काढलं नाही, टीव्हीवरच्या त्याच्या फोटोला हार घातला नाही, आणि तांजोंग पगारच्या शिपिंग एजंटकडची नोकरी एकही दिवस बुडवली नाही. किमया, त्यांची लेक, तेव्हा आठ वर्षांची होती.

सुरुवातीला आपली माणसं धावली. वीस-पंचवीस घरांतून डबे आले, शनिवार-रविवारी दारात चपलांचा ढीग पडला. सहा महिन्यांत हे सगळं ओसरलं आणि उरले तिघं. तिघंही एकटे पुरुष. योगायोग, दुसरं काय!

पहिला धनेश. ईस्ट कोस्टला समुद्राकाठी कॉन्डो, जहाजांच्या सुट्या भागांचा धंदा, बायकोपासून वेगळा झालेला. बोलताना गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवायची खोड. दुसरा निशिकांत. विधुर, तिथल्या मराठी मंडळाचा कायमचा सेक्रेटरी, कोणत्याही कार्यक्रमात हार्मोनियम पुढे ओढणारा आणि मग उठायचं नाव न घेणारा. तिसरा आपला प्रबोध. दर रविवारी साडेबाराला हे तिघं अकराव्या मजल्यावर हजर. विचारपूस करायला. विचारपूस साडेबाराला सुरू व्हायची आणि कोंबडी-वडे संपले की संपायची.

धनेश सरळ नंदूच्या आरामखुर्चीत बसायचा. निशिकांतला जेवायला जे ताट मिळायचं, त्याच्या काठावर 'नंदकुमार' असं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या आहेराचं. त्या नावाच्या ताटात भात कालवताना त्याला काही वाटायचं नाही. प्रबोधला वाटायचं. तो स्वयंपाकघरात मदतीला गेला की ते ताट मुद्दाम मांडणीत सगळ्यांत खाली सरकवून ठेवायचा. निशिकांतच्या हाताला तरी तेच लागायचं, आता काय करणार.

प्रबोध दिवाणखान्यात फारसा बसायचाच नाही. तो विळीवर नारळ खवून द्यायचा आणि नंतर किमयाला गणित शिकवायचा. सुलभा पोळ्या लाटताना काही बोलली तर बोलायचा, नाहीतर गप्प. ती वडे तळताना पदर खोचायची आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसायची. झाऱ्यातला पहिला वडा काढून ठेवून द्यायची आणि कुणालाच द्यायची नाही. तो नंदूचा. संध्याकाळी तो शिळा वडा ती स्वतः खायची. प्रबोधने हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याला नंदूचा हेवा वाटला. समुद्रात कुठेतरी उपाशी पडलेल्या, कदाचित मेलेल्या माणसाचा हेवा! त्याची त्यालाच लाज वाटली, पण वाटायचं ते वाटलंच. आपल्यासाठी कुणी असा एक वडा बाजूला काढून ठेवावा, एवढंच त्याचं मागणं होतं. आणि ते कुणी म्हणजे सुलभानेच.

आधी धनेशने तिला विचारलं. मग निशिकांतने चार पानी पत्र लिहिलं. प्रबोधने सर्वांत शेवटी, २०१२च्या एप्रिलमध्ये, पासिर रिस पार्कात विचारलं. किमया पुढे सायकल चालवत होती. त्याने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मनात होतं ते सरळ सांगितलं. नंदू परत आला तर मी बाजूला होईन, हेही सांगितलं.

"मी त्या दोघांना सांगितलं तेच तुम्हाला सांगते," सुलभा म्हणाली. "सोळा सोमवार धरलेत नंदूसाठी. व्रत पुरं झालं आणि तरी काही कळलं नाही, तर मी विचार करीन. तोवर मला काही विचारू नका."

सोळा सोमवार म्हणजे काही फार नाही, चार महिने. पण या व्रताची मेख अशी, की त्या दिवशी मीठ चालत नाही, आणि मध्येच मोडलं तर पहिल्यापासून धरावं लागतं. तिने आदल्या वर्षीच्या श्रावणात धरलं होतं ते चौदाव्या सोमवारी मोडलं. चुकून खारट लागलं, म्हणाली. दुसऱ्यांदा धरलं ते पंधराव्या सोमवारी मोडलं. आता तिसऱ्यांदा चाललं होतं. बिचारी, दिवसभर ऑफिसात राबते, लक्ष कुठून राहणार, असं निशिकांत म्हणायचा. धनेश बोटाभोवती किल्ली फिरवत राहायचा.

आता बघा, योग कसा येतो. त्या तिसऱ्या खेपेच्या पंधराव्या सोमवारी प्रबोधची तांजोंग पगारला एका क्लायंटकडे मीटिंग होती. दुपारी तो जवळच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेला, तर फळांच्या गाड्यापाशी रांगेत सुलभा, पाठमोरी. हाक मारणार तोच तिने पेरूच्या फोडी घेतल्या. तिथे पेरूबरोबर सुकवलेल्या प्लमची पूड देतात, आंबट आणि चांगली खारट. विक्रेती बाई पूड घालायला लागली, तर सुलभाने मान हलवून नको म्हटलं आणि पुडी वेगळी मागून घेतली. मग ती एका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. पुडी उघडली. एक फोड उचलली, पुडीत बुडवली, चांगली दोन्ही बाजूंनी, आणि डोळे मिटून खाल्ली. बाकीच्या फोडी तिने तशाच, बिनमिठाच्या खाल्ल्या. एकीचंच काम होतं.

प्रबोध खांबाआड उभा राहिला. त्याला सगळं कळलं. हे व्रत पुरं व्हायचंच नव्हतं. त्याला मिळालेलं उत्तर हे होतं, आणि ते उत्तर पेरूच्या फोडीइतकं साफ होतं. दुसरा कुणी असता तर चिडला असता, निदान आपल्याला बनवलं म्हणून रविवारी यायचा बंद झाला असता. प्रबोधला मात्र ती त्या दिवशी जितकी आवडली तितकी आधी कधीच आवडली नव्हती. जी बाई नवऱ्यासाठी देवालाही असं झुलवत ठेवते, तिच्यावर जीव नाही जडवायचा तर कुणावर? तो न जेवता परत गेला. संध्याकाळी सुलभाने चौघांच्या मोबाईल ग्रुपवर कळवलं, की आज पुन्हा चुकून खारट लागलं.

पुढच्या रविवारी धनेशने विषय काढलाच. दर वेळी शेवटाला येऊनच कसं मोडतं, चौदावा, पंधरावा, पुन्हा पंधरावा? वडे तळणाऱ्या सुलभाचा हात कढईवर थांबला. प्रबोध नारळ खवत होता. मान वर न करता तो म्हणाला, की या वेळी नववा होता, माझ्याकडे कॅलेंडरवर खुणा आहेत, हवं तर दाखवतो. प्रबोध सबनीस खोटं बोलेल, असं त्याच्या सख्ख्या आईलाही वाटलं नसतं. धनेशने किल्ली खिशात टाकली. सुलभाने प्रबोधकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि कढईतला वडा करपला. दोघांत त्यावर एक शब्दही कधी झाला नाही.

त्याच वर्षी भाऊबीजेला तो किमयाचं पुस्तक परत द्यायला वर गेला. सुलभाला भाऊ नव्हता. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात, तशी ती लहानपणापासून चंद्राला ओवाळायची. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, बाहेर कपडे वाळत घालायचे बांबू. पण त्या संध्याकाळी आभाळ गच्च भरलेलं होतं आणि चंद्राचा पत्ता नव्हता. ती तबक घेऊन बांबूंच्या मधून ढगांकडे बघत राहिली. "असेल तिथेच," म्हणाली, आणि न दिसणाऱ्या चंद्राला ओवाळलं. मग वळून तिने विचारलं, की तुम्हाला बहीण आहे का. प्रबोध म्हणाला, नाही. निरांजन तेवत होतं, तबकात कुंकू होतं, पाटही भिंतीला टेकून उभा होता. दुसरी कुठलीही बाई म्हणाली असती, मग बसा की पाटावर. सुलभा काही बोलली नाही. तिने तबक ओट्यावर ठेवलं आणि चहा टाकला.

त्या न बोलण्यावर प्रबोधने वर्ष काढलं. हसू नका. माणसं याहून कमी गोष्टींवर जन्म काढतात.

व्रत पुन्हा दोनदा मोडलं. मग २०१३च्या ऑगस्टमध्ये, दहाव्या सोमवारनंतरच्या बुधवारी, दूतावासातून फोन आला. कुणीतरी कुणाशीतरी बोलून, कुठून तरी खंडणी उभी राहून जहाज सुटलं होतं. जिवंत असलेल्यांच्या यादीत नंदकुमार पारकर हे नाव होतं. सुलभाने सगळ्यांत आधी फोन मुलीच्या शाळेत केला, आणि दुसरा प्रबोधला. "नंदू आहे," एवढंच म्हणाली. प्रबोध ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडला. आनंदाने रडला की दुसऱ्या कशाने, ते त्याला विचारू नका, त्यालाही सांगता आलं नसतं.

विमानतळावर तिघंही गेले. धनेशने फुलांचा एवढा मोठा गुच्छ आणला होता, की त्याच्यामागे तो स्वतः दिसत नव्हता. माणसं बाहेर यायला लागली. एक पांढऱ्या दाढीचा, खांदे पडलेला, सैल शर्टातला म्हातारा पिशवी घेऊन पुढून निघून गेला. सुलभा मागच्या दाराकडे टक लावून बघत होती. किमया मोबाईलवरच्या फोटोकडे आणि माणसांकडे आळीपाळीने बघत होती. त्याला ओळखलं प्रबोधने. दोन वर्षं दर रविवारी तो टीव्हीवरच्या त्या फोटोकडे बघत आला होता, भिवयांची ठेवण त्याला पाठ होती. त्याने सुलभाच्या कोपराला हलकेच हात लावला आणि बोट दाखवलं. मग तो मागे सरकला. पार्कात कबूल केल्याप्रमाणे बाजूला झाला.

सोळावा सोमवार नंदू घरी असताना पुरा झाला. त्या खेपेला पेरूला मीठ लागलं नाही.

नंदू घरात फार कमी बोलायचा. सावकाश जेवायचा आणि अर्धी पोळी रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. पहिला वडा आता त्याच्या ताटात पडायचा, त्याच्या नावाच्या ताटात, आणि तो त्याकडे नुसता बघत बसायचा. तिघं रविवारी येतच राहिले. एकदम बंद केलं तर काय अर्थ निघेल, म्हणून आधी निशिकांत आला, निशिकांत येतो म्हणून धनेश आला, आणि प्रबोध आला कारण त्याला आठवडाभर दुसरं काही सुचायचं नाही. नंदू त्यांना या-बसा म्हणायचा. पण दुपारी किमया त्याच्याजवळ बसली की तिथल्या पोरांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावत गोष्टी सांगायची. मुलांचं काय, पोटात राहत नाही. पप्पा, ही चेअर धनेश अंकलची लाह. निशिकांत अंकलनी मम्मीला लाँग लेटर लिहिलेलं. धनेश अंकलना मॅरी करायचं होतं. आणि प्रबोध अंकल? प्रबोध अंकल मॅथ्स शिकवतात, आणि मम्मी कुकिंग करते तेव्हा मम्मीकडे बघतात. नंदू ऐकायचा. तीन वर्षं बंदुकीखाली बसलेला माणूस तो, ऐकून घ्यायचं त्याला चांगलं जमायचं. कुणाला एका शब्दाने त्याने दुखावलं नाही.

दिवाळीत त्याने तिघांना स्वतः फोन केले. मंगळवारी सातला फराळाला या, सदरा-झब्बा घालून या. धनेश आणि निशिकांत खूश झाले. सिंगापूरची सुट्टी शनिवारी होऊन गेली होती, ऑफिसं सुरू झाली होती, आणि सुट्टी संपली की आपली इथली दिवाळीही संपते. मंगळवारी काय आहे, हे बघायला तिथी कुणाच्या लक्षात राहतात? प्रबोधच्या राहिली होती. गेल्या वर्षीपासून राहिली होती. लिटिल इंडियातून आणलेलं कॅलेंडर त्याच्या फ्रिजवर लावलेलं होतं. त्यात मंगळवारी ठळक अक्षरांत भाऊबीज लिहिलेलं होतं.

त्याला नंदूचा बेत फोनवरच कळला. न जाणं सोपं होतं. ताप आलाय म्हणायचं, मीटिंग आहे म्हणायचं. पण न जाणं म्हणजे चोरी कबूल करणं. आणि जाणं म्हणजे पाटावर बसणं, तिच्या हातचं कुंकू कपाळावर लावून घेणं. एकदा ते लागलं की दोन वर्षं पुसली गेली. ती पेरूची फोड, ती चंद्राची संध्याकाळ, सगळंच एका बहिणीचं होऊन बसणार. सोमवारी त्याने तीनदा झब्बा कपाटात ठेवला आणि तीनदा बाहेर काढला. शेवटी तो गेला. तिच्या हातून मरायचं तर मरू, असं काहीतरी त्याच्या मनात होतं, आणि ती दिसेल हेही होतं.

दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावला होता. जमिनीवर तीन पाट, तिन्हींभोवती रांगोळी. नंदूने दाढी केली होती, त्यामुळे तो फोटोतल्या माणसाच्या थोडा जवळ आला होता. धनेशची किल्ली बोटातच थांबली. निशिकांतने एकदा पाटांकडे, एकदा दाराकडे पाहिलं, पण दाराला टेकून नंदू उभा होता.

"सुलभाला भाऊ नाही," नंदू म्हणाला. आवाज अगदी साधा, पाहुण्यांशी बोलतात तसा. "जन्मभर चंद्राला ओवाळत आली. मी नव्हतो तेव्हा तुम्ही तिघं दर रविवारी आलात, भावांसारखे आलात. मग नातं नुसतं तोंडी कशाला ठेवायचं? बसा."

यात चूक कुठे काढणार? चूक काढायची तर मनातलं बोलावं लागतं. धनेश पहिल्या पाटावर बसला, घाटावर बसवल्यासारखा. निशिकांतने खिशातला रुमाल डोक्यावर घेतला आणि दुसऱ्यावर बसला. प्रबोध तिसऱ्यावर बसला, मांडी घातली, हात मांडीवर ठेवले.

सुलभा तबक घेऊन आली. तिने हिरवी साडी नेसली होती आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. धनेशच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठीने ओवाळलं, निरांजन ओवाळलं. धनेशने घाईघाईत बोटातली अंगठीच तबकात टाकली. मग निशिकांत. एरवी कधीही गायला सुरू होणाऱ्या त्या माणसाने नुसता घसा खाकरला. त्याने खिशातलं पेन तबकात ठेवलं, बहुधा पत्र लिहिलेलं तेच. झालं. दोन भाऊ झाले. नंदूने तीन वर्षांचा हिशेब पाच मिनिटांत, हात न उगारता, आवाज न चढवता पुरा केला.

सुलभा तिसऱ्या पाटासमोर आली. प्रबोधने मान वर केली नाही. तिची पावलं दिसत होती, जोडवी दिसत होती, निरांजनाची ऊब चेहऱ्याला लागत होती. डोळे मिटायचे आणि एकदाचं होऊन जाऊ द्यायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं. ऊब थोडा वेळ तिथेच राहिली. मग पावलं वळली.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. त्या दिवशी पश्चिम मोकळी होती. समोरच्या ब्लॉकच्या वर, बांबूंवर वाळणाऱ्या कपड्यांच्या मधून बीजेची कोर दिसत होती, अगदी बारीक. सुलभाने कुंकवाचं बोट चंद्राकडे नेलं, अक्षता खिडकीबाहेर टाकल्या आणि निरांजन ओवाळलं. सावकाश ओवाळलं. मग तिथेच ओट्यावर तबक ठेवून दिलं आणि परत न येता फराळाची ताटं घ्यायला लागली.

"मम्मी, प्रबोध अंकलना विसरलीस लाह," किमया म्हणाली.

"नाही विसरले," सुलभा म्हणाली.

धनेश आणि निशिकांतला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे, ते आपापली कपाळं सांभाळत बसले होते. नंदूला कळलं. प्रबोधला तर कळलंच. तो पाटावरून उठला. तिने त्याला हो म्हटलं नव्हतं, कधी म्हणणारही नव्हती. पण तिने त्याला भाऊही म्हटलं नव्हतं. जे होतं ते तिने होतं तसं राहू दिलं, नवऱ्यादेखत.

फराळ झाला. चकल्यांची चौकशी झाली, हवेची चौकशी झाली. धनेश आणि निशिकांत आधी निघाले. प्रबोध निघाला तेव्हा सुलभा स्वयंपाकघरात होती आणि बाहेर आली नाही. नंदू त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत आला.

"त्या दोघांना मी बसवलं," नंदू म्हणाला. "तुमचाही पाट मांडला. तुमचं काय करायचं, ते मात्र तिच्यावर सोडलं होतं. सोमवारांचं तिने मला सांगितलंय. तुम्ही तिच्यासाठी खोटं बोललात, तेही."

लिफ्टचा आकडा चार, पाच, सहा असा वर येत होता.

"ते दोघं आता केव्हाही येतील, भाऊ आहेत तिचे," नंदू पुढे म्हणाला. "तुम्ही येऊ नका. भाऊ म्हणून आला असतात तर जन्मभर पान वाढलं असतं."

"नाही येणार," प्रबोध म्हणाला.

लिफ्ट आली. दार उघडलं तशी नंदूने ते हाताने धरून ठेवलं. त्याच्या मनगटावर दोरीचा जुना व्रण होता. "किमयाचं गणित चांगलं झालंय," तो म्हणाला. "बाप म्हणून मी शिकवलं असतं तसं." मग त्याने हात काढला आणि दार बंद झालं.

लिफ्टमध्ये आरसा होता. प्रबोधने त्यात पाहिलं. कपाळ कोरडं होतं.

पुढच्या रविवारी सवयीने त्याची अंघोळ बारालाच उरकली. इस्त्रीचा शर्ट घातला, चपला घातल्या, कुलूप लावलं, आणि लिफ्टपाशी जाऊन तो थांबला. लिफ्ट खालून आली, तर आत धनेश आणि निशिकांत, हातात आंब्याच्या बर्फीचा डबा. बहिणीकडे चालले होते. येतोस ना, म्हणून निशिकांतने दार अडवून धरलं. वर अकराव्या मजल्यावर आता कढई चढली असेल, घाम पुसायला मनगट कपाळाकडे गेलं असेल. भुवयांच्या मधोमध कुंकवाचं एक बोट लागलं असतं, तर तो या क्षणी आत पाऊल टाकून वर जाऊ शकला असता, या रविवारी, पुढच्या, त्याच्याही पुढच्या.

प्रबोधने कपाळावरून हात फिरवला. "तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. मग तो जिन्याने खाली उतरला आणि पार्काच्या दिशेने चालायला लागला.